शेअर आपला, मुदत दलालाची

ऋण काढून सण करू नये, ही शिकवण आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. तथापि कर्ज म्हटले की ते वाईटच, असेही आपण मानीत नाही. घरासाठी, शेतातील विहिरीसाठी किंवा मुलांच्या उच्च शिक्षणासाठी काढलेल्या कर्जास कोणी नावे ठेवीत नाही. कारण त्यातून काही टिकाऊ उभे राहते आणि ते फेडावयाचे हप्तेही आधीच ठरलेले असतात. परंतु गेल्या काही वर्षांत कर्जाचा आणखी एक प्रकार मध्यम स्थितीतील कुटुंबांच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला आहे. तो म्हणजे शेअर विकत घेण्यासाठी दलालाकडून मिळणारे कर्ज.

एके काळी शेअर घ्यावयाचा म्हणजे दलालाची पेढी गाठावी लागे, कागदावर सह्या कराव्या लागत आणि या खटाटोपात विचार करावयास थोडा वेळही मिळे. आता खरेदी हातातील फोनवर होते. खरेदीच्या त्याच पानावर पुष्कळदा अशी सूचना असते की, आपल्याजवळ आहे त्याहून अधिक रकमेचे शेअर आपणांस घेता येतील. बोटाने एक खूण केली की काम झाले. त्या एका खुणेने आपण कोणत्या करारात शिरतो, हे मात्र घरातील कर्त्या माणसाससुद्धा अनेकदा ठाऊक नसते. या कराराचे नाव ‘मार्जिन’वरील खरेदी. तिचे स्वरूप काय, हे सामान्य गृहस्थाला आणि गृहिणीला कळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मार्जिन म्हणजे काय?

शाळेच्या वहीत कडेला जी कोरी जागा सोडतात तिला आपण समास म्हणतो. व्यवहारातील मार्जिन हे असेच एक राखीव अंतर आहे. सोनाराकडे किंवा बँकेत दागिना गहाण ठेवला, तर त्याची पूर्ण किंमत कोणी कर्जाऊ देत नाही. सोन्याचा भाव उतरला तरी आपली रक्कम वसूल व्हावी, म्हणून कर्ज देणारा तारणाची किंमत आणि कर्ज यांत काही अंतर ठेवतो. शेअरच्या बाबतीत हेच अंतर खरेदी करणाऱ्याला स्वतःच्या पैशाने भरून काढावे लागते. किमतीचा काही भाग तो भरतो, उरलेला दलाल भरतो आणि घेतलेले शेअर दलालाकडे तारण राहतात. खरेदीदाराने भरलेला तो भाग म्हणजे मार्जिन होय.

येथे एक घोटाळा टाळावयास हवा. वायदेबाजारातही ‘मार्जिन’ हा शब्द वापरतात. पण तेथे तो किमतीचा भाग नसून करार पाळला जाईल याबद्दलची अनामत असते. त्या व्यवहाराचे धोके निराळे आणि अधिक तीव्र आहेत. आपण येथे विचार करीत आहोत तो केवळ कर्ज काढून प्रत्यक्ष शेअर विकत घेण्याचा.

सोन्याच्या तारणाशी असलेले हे साम्य एका मर्यादेपर्यंतच खरे आहे, हेही लक्षात ठेवावे. दागिना गहाण टाकला तर त्याची किंमत दररोज आपल्यासमोर मांडून कोणी पैसे मागावयास येत नाही. शेअरचा भाव मात्र बाजार चालू असेपर्यंत क्षणोक्षणी बदलत असतो आणि दलाल त्या भावाने आपल्या तारणाची किंमत रोजच्या रोज करीत असतो. या एका फरकातूनच पुढील सारा प्रकार उद्भवतो.

एक हिशेब

समजा, एका गृहस्थाजवळ १,००,००० रुपये शिल्लक आहेत. एका कंपनीचा शेअर २०० रुपयांस मिळतो. केवळ आपल्या पैशाने त्यांना ५०० शेअर घेता येतील. परंतु दलालाकडून आणखी १,००,००० रुपये घेऊन त्यांनी १,००० शेअर घेतले. आता खात्यात २,००,००० रुपयांचे शेअर आहेत, १,००,००० रुपयांचे कर्ज आहे, आणि या दोहोंतील अंतर, म्हणजे १,००,००० रुपये, हे त्यांचे स्वतःचे भांडवल आहे. मार्जिनचे प्रमाण येथे शेकडा ५० झाले.

भाव २०० चा २४० झाला, तर शेअरची किंमत २,४०,००० रुपये होते. कर्ज वजा जाता १,४०,००० उरतात. शेअर वाढला शेकडा २०. गृहस्थांचे भांडवल वाढले शेकडा ४०. हीच ती मोहिनी! परंतु भाव १६० वर आला, तर किंमत १,६०,००० होते आणि कर्ज वजा जाता ६०,००० उरतात. शेअर उतरला शेकडा २०. भांडवल गेले शेकडा ४०. भाव निम्म्यावर, म्हणजे १०० वर आला, तर शेअर विकून केवळ कर्ज फिटेल, हाती काही उरणार नाही. त्याखाली गेला, तर स्वतःचे सारे भांडवल जाऊन वर देणे उरेल. स्वतःच्या पैशाने शेअर घेणाऱ्याचे नुकसान फार तर त्याने घातलेल्या रकमेइतके होते. कर्ज काढून घेणाऱ्याच्या नुकसानीला तेवढीही मर्यादा नाही.

या हिशेबात व्याज अद्याप धरलेलेच नाही. समजा, व्याजाचा दर दरसाल दरशेकडा १२ आहे. म्हणजे १,००,००० रुपयांवर महिन्याला १,००० रुपये झाले. सहा महिने शेअर २०० वरच उभा राहिला, तर ६,००० रुपये व्याजापायी गेले. शेअरचा भाव २०६ झाला तेव्हाच हे गृहस्थ जेथे होते तेथे परत येतील. दलाली आणि कर निराळेच. शेअर स्थिर असतो, व्याज चालत असते.

पैशाची मागणी

मार्जिन खात्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग यापुढे आहे. कर्ज देताना दलाल दोन प्रमाणे ठरवितो. पहिले खरेदीच्या वेळचे. आपल्या उदाहरणात ते शेकडा ५० आहे. दुसरे त्यानंतर सतत राखावयाचे. ते समजा शेकडा ४० आहे. म्हणजे शेअरची बाजारातील किंमत कितीही झाली, तरी तिच्यात शेकडा ४० भाग खरेदीदाराचा असलाच पाहिजे. तो त्याखाली गेला की दलाल आणखी पैसे मागतो. या मागणीस बाजारात ‘मार्जिन कॉल’ म्हणतात.

आपल्या गृहस्थांस ही मागणी केव्हा येईल? कर्ज १,००,००० रुपये आहे. ते किमतीच्या शेकडा ६० हून अधिक होता कामा नये. म्हणून शेअरची एकूण किंमत सुमारे १,६६,६६७ रुपयांच्या खाली, म्हणजे भाव १६६ रुपये ६७ पैशांच्या खाली गेला की मागणी सुरू झाली. भाव १६० झाला, तर गृहस्थांचे भांडवल ६४,००० असावयास हवे. ते आहे ६०,०००. तूट ४,००० रुपयांची.

ही तूट रोख भरली तर प्रश्न मिटतो. पण रोख नसेल तर शेअर विकावे लागतात, आणि येथे एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. ४,००० रुपयांची तूट ४,००० रुपयांचे शेअर विकून भरत नाही. विक्रीने कर्ज कमी होते, तशी शेअरची किंमतही कमी होते. प्रमाण पुन्हा शेकडा ४० वर आणण्यासाठी येथे १०,००० रुपयांचे, म्हणजे ६३ शेअर विकावे लागतील. भाव १४० वर आला, तर तूट १६,००० ची होईल आणि ती विक्रीने भरावयाची तर ४०,००० रुपयांचे, म्हणजे २८६ शेअर जातील. भाव जितका पडेल तितके अधिक शेअर, आणि तेही पडत्या भावाने विकावे लागतात.

पैसे वेळेवर भरले नाहीत, तर शेअर विकण्याचा अधिकार करारानेच दलालास दिलेला असतो. त्या दिवशी भाव चांगला आहे की नाही, कंपनी उत्तम आहे की नाही, हे पाहण्याचे त्याला कारण नाही. यात दलालाचा काही दुष्टपणा आहे, असेही नव्हे. तो कर्ज देणारा आहे. त्याची दृष्टी आपल्या रकमेवर असणारच. आपण प्रवासात होतो, आजारी होतो, फोनवरील संदेश वाचलाच नाही, या सबबी तेथे उपयोगी पडत नाहीत.

आता याच गृहस्थांच्या शेजाऱ्यांनी त्याच दिवशी त्याच कंपनीचे ५०० शेअर केवळ स्वतःच्या १,००,००० रुपयांनी घेतले होते, असे धरू. भाव घसरत गेला. गृहस्थांना मागणी पुरी करता आली नाही आणि १५० च्या भावाने त्यांचे सर्व शेअर विकले गेले. १,५०,००० रुपयांतून कर्ज फिटले आणि व्याज न धरता ५०,००० हाती आले. भाव पुढे १३० पर्यंत गेला आणि वर्षाअखेर २१० वर परतला. शेजाऱ्यांच्या ५०० शेअरची किंमत मध्यंतरी ६५,००० झाली होती, ती आता १,०५,००० आहे. शेअर एकच, खरेदीचा दिवस एकच, आणि ‘ही कंपनी वर येईल’ हा दोघांचा अंदाजही शेवटी खराच ठरला. फरक एवढाच की, एकाला थांबता आले, दुसऱ्याला थांबू दिले गेले नाही.

कर्जाने नफातोटा दुप्पट होतो, हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु कर्ज घेतले की थांबण्याचा हक्क आपल्या हाती राहत नाही, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. शेअरबाजारात सामान्य माणसाजवळ मोठ्या धनिकाइतका पैसा नसतो, जाणकाराइतकी माहितीही नसते. त्याच्याजवळ असतो तो वेळ. नेमकी तीच एक वस्तू मार्जिनच्या करारात तो गहाण टाकतो.

मुंबई आणि न्यूयॉर्क

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. त्याची प्रचीती मुंबईने फार पूर्वीच घेतली आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला अपूर्व भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. नव्या बँका, नव्या कंपन्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या आणि त्यांच्या शेअरचे भाव अनेक पटींनी चढले. बँक ऑफ बॉम्बेसारख्या मातब्बर बँकेनेही शेअरच्या तारणावर मोठमोठ्या रकमा उसन्या दिल्या. तारण चढत होते तोवर कर्ज सुरक्षित भासत होते. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलै १८६५ रोजी, जेव्हा वायद्याचे सौदे पुरे करावयाचे होते, तेव्हा पैसे देणारे कोणी उरले नाही. त्या काळातील बाजाराचे अग्रणी प्रेमचंद रायचंद यांनाही त्याची झळ लागली. बँक ऑफ बॉम्बेचा कारभार १८६८ पर्यंत आटोपला. ज्या शेअरवर कर्जे दिली होती ते शेअरच कवडीमोल झाले होते.

त्यानंतर सुमारे चौसष्ट वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये हेच नाट्य अधिक विशाल रंगभूमीवर घडले. १९२० नंतरच्या दशकात तेथे शेकडा १० ते २० एवढीच रक्कम भरून शेअर घेण्याची प्रथा बोकाळली होती. शेकडा १० भरून घेतलेला शेअर शेकडा १० ने उतरला की भांडवल संपले! १९२९ मध्ये काही दलालांनी अधिक मार्जिन मागावयास सुरुवातही केली होती. तथापि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत दलालांनी ग्राहकांसाठी काढलेली कर्जे सुमारे ८५० कोटी डॉलरपर्यंत पोहोचली होती.

२४ ऑक्टोबर १९२९, गुरुवार. त्या एका दिवसात सुमारे १ कोटी २९ लाख शेअरची उलाढाल झाली. भाव छापणारी यंत्रे कित्येक तास मागे पडली आणि आपला शेअर या क्षणी कोठे आहे, हे घरी बसलेल्या माणसास कळेना. कळत होते ते एवढेच की, दलालाची मागणी आली आहे. ज्यांना पैसे भरता आले नाहीत त्यांचे शेअर बाजारात ओतले गेले. त्याने भाव आणखी पडले. त्यामुळे काल सुरक्षित असलेल्या खात्यांवर आज मागणी आली. २८ तारखेस डाऊ जोन्स निर्देशांक शेकडा १३ च्या सुमारास आणि २९ तारखेस आणखी शेकडा १२ च्या सुमारास कोसळला. ३ सप्टेंबर १९२९ रोजी ३८१ वर असलेला हा निर्देशांक ८ जुलै १९३२ रोजी ४१ वर होता आणि पूर्वीच्या उंचीस तो पुन्हा पोहोचला तो १९५४ च्या नोव्हेंबरात. स्वतःच्या पैशाने शेअर घेणाऱ्यांनाही हा काळ कठीणच गेला, हे खरे. पण ज्यांच्या कंपन्या तगल्या त्यांचे शेअर तरी त्यांच्याजवळ राहिले.

कायद्याची वेसण

या अनुभवानंतर अमेरिकेने १९३४ च्या कायद्याने शेअरखरेदीसाठी किती कर्ज द्यावयाचे हे ठरविण्याचा अधिकार तेथील मध्यवर्ती बँकेस दिला. १९७४ पासून खरेदीच्या वेळी किमान शेकडा ५० मार्जिन भरण्याचा नियम तेथे आहे.

आपल्याकडे दीर्घकाळ निराळी पद्धत होती. तिचे नाव ‘बदला’. शेअर घेतला, पण पैसे द्यावयाचे नसले, तर ठरावीक आकार देऊन व्यवहार पुढील हिशेबापर्यंत ढकलावयाचा आणि मधल्या काळात पैसा तिसऱ्याने पुरवावयाचा, अशी ती सोय होती. २००१ च्या मार्चमधील बाजाराच्या पडझडीनंतर त्याच वर्षी २ जुलैपासून बदला बंद झाला. त्यानंतर सेबी या नियामक संस्थेने २००४ मध्ये दलालांना ग्राहकांस कर्ज देण्याची रीतसर वाट आखून दिली. खरेदीच्या वेळी किमान शेकडा ५० व नंतर किमान शेकडा ४० हे प्रमाण त्याच नियमांतील असून आपण वर हिशेबास घेतले ते हेच. २०१७ मध्ये हे नियम बदलले. ज्यांची उलाढाल नियमित आणि सुलभ होते अशाच शेअरसाठी ही सवलत मिळते आणि मार्जिनचे प्रमाण त्या त्या शेअरच्या चढउताराच्या धोक्यावरून ठरते. म्हणून दोन शेअरचे प्रमाण एकच असेल, असे धरून चालू नये.

२०२० मध्ये आणखी एक मोलाची सुधारणा झाली. तारण ठेवलेले शेअर आता ग्राहकाच्या स्वतःच्याच डीमॅट खात्यात राहतात आणि त्यावर गहाणाची नोंद होते. ही नोंद करण्यासाठी ग्राहकाच्या फोनवर आलेल्या सांकेतिक अंकाने त्याची संमती घेण्याची पद्धत तेव्हा आली. हा अंक म्हणजे आपली सहीच होय. तो दुसऱ्यास सांगणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणे.

या सर्व नियमांनी फसवणुकीस आळा बसतो, बाजाराचा डोलारा सावरला जातो. परंतु पडत्या भावापासून आपले भांडवल राखण्याची हमी कोणताही नियम देत नाही. एखादी वाईट बातमी रात्री आली, तर सकाळी शेअर एकदम खालच्याच भावाने उघडतो. मधल्या भावांना विकण्याची संधीच मिळत नाही. कधी कधी तर घेणाराच कोणी नसतो.

घरात विचारावयाचे प्रश्न

मग मार्जिनवर कधी खरेदीच करू नये काय? असा सरसकट निषेध करण्याचे कारण नाही. आठ-दहा दिवसांत खात्रीने पैसे यावयाचे आहेत आणि तेवढ्यापुरतेच कर्ज हवे आहे, असा प्रसंग येऊ शकतो. मात्र ती संमतीची खूण करण्यापूर्वी काही प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. व्याजाचा दर काय व ते कोणत्या दिवसापासून? शेअर कोणत्या भावास आला की मागणी येईल? मागणी आल्यावर पैसे भरावयास किती वेळ मिळेल आणि निरोप कोणत्या मार्गाने येईल? आणि तो भाव उद्याच आला, तर भरावयाचा पैसा कोठून आणणार? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलीच्या शिक्षणाची ठेव, आईच्या औषधपाण्याची शिल्लक किंवा आणखी एखादे कर्ज असे येत असेल, तर खरेदी न केलेलीच बरी.

आणखी एक गोष्ट कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. घरावरचे कर्ज घरातील सर्वांस ठाऊक असते. शेअरवरील कर्ज बहुधा एकाच्याच फोनमध्ये राहते. खाते काढणारा अचानक आजारी पडला किंवा न राहिला, तर घरच्यांना शेअर असल्याचे कळते, पण त्यांवर कर्ज असल्याचे कळत नाही. आणि तोवर ते विकलेही गेलेले असतात. म्हणून हे कर्ज घ्यावयाचेच, तर पतिपत्नींनी दोघांनी मिळून घ्यावे. रक्कम, दर आणि मागणीचा भाव, या तीन गोष्टी घरखर्चाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात. जे कर्ज त्या वहीत लिहावयास संकोच वाटतो, ते काढूच नये.